बुवांचा आवाज आधी, ड्रम नंतर

रॉक बँड बाहेरच्या गायकाबरोबर रेकॉर्ड करतो तेव्हा कामाचा क्रम बहुधा ठरलेला असतो. आधी क्लिकवर, म्हणजे हेडफोनमधल्या ठरलेल्या वेगाच्या टिकटिकीवर, ड्रम, मग बास, मग गिटारींचे थर, आणि हे सगळं जागेवर बसल्यावर पाहुण्याला बोलावणं जातं. तो येतो, हेडफोन घालतो, तयार ट्रॅकवर गातो आणि जातो. पुष्कळ गाण्यांना हे चालतं. आम्ही मात्र वारकरी परंपरेतल्या एका बुवांबरोबर चार अभंगांचं रेकॉर्ड केलं, तेव्हा हा क्रम पार उलटा केला. रेकॉर्डमध्ये जे काही चांगलं उतरलं आहे ते या उलट्या क्रमानं उतरलं आहे, असं माझं ठाम मत आहे. अशा कामाच्या वाटेला जाणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून ते कसकसं झालं ते लिहिते.

आमचा बँड पुण्याचा. मी गिटार वाजवते आणि रेकॉर्डिंगची बाजूही सांभाळते. बुवांची ओळख आमच्या बासवाल्यामुळे झाली. त्याच्या गावच्या सप्ताहात ते दरवर्षी कीर्तनाला येतात. आळंदीला शिकलेले, पन्नाशी ओलांडलेले, आवाज असा की मंडपाच्या मागच्या टोकाला उभं राहिलं तरी शब्द न् शब्द कळावा. अभंगांवर काम करणारे बँड आज आहेत, ‘अभंग रिपोस्ट’सारखे, आणि ते मनापासून करतात. त्यांत बँडचेच लोक गातात. आम्हाला गाणारा माणूस कीर्तनातलाच हवा होता, त्याच्या पट्टीसकट, त्याच्या लयीसकट.

बुवांनी लगेच होकार दिला नाही. आमची आधीची गाणी ऐकायला मागितली, शांतपणे ऐकली आणि दोन अटी घातल्या. अभंग मुद्रेसकट, म्हणजे संताचं नाव येणाऱ्या शेवटच्या चरणासकट, पुरा गायचा, आणि मृदंगाला त्यांच्याच फडातले, म्हणजे त्यांच्या वारकरी मंडळीतले, मृदंगाचार्य असायचे. “ताई, माझ्या गाण्याला त्यांचा हात ठाऊक आहे,” एवढंच म्हणाले. दोन्ही अटी आम्ही तिथल्या तिथे मान्य केल्या. पुढे कळलं की याच दोन अटींनी निम्मं काम ठरवून टाकलं होतं.

तारखांचं गणित आमच्या हातात नव्हतं. चैत्रापासून गावोगाव अखंड हरिनाम सप्ताह सुरू होतात आणि बुवांची वही भरून जाते. मग ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूहून तुकोबांची पालखी निघते, अष्टमीला आळंदीहून माउलींची, आणि तिथून आषाढीपर्यंत बुवा वारीत. एकादशीला स्टुडिओचं नाव काढायचं नाही. आम्ही पंचांग समोर ठेवून वेळापत्रक आखलं आणि श्रावणाच्या आधीचे मोकळे दिवस धरले.

पट्टीचा प्रश्न सगळ्यात आधी सोडवला. बुवा काळी चारमध्ये, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीत, गातात, म्हणजे षड्ज जी शार्प, साधारण २०८ हर्ट्झ. तार सप्तकातल्या मध्यमापर्यंत ते सहज जातात. आमच्या गिटारी पहिल्यापासून अर्धा सूर खाली लावलेल्या असतात, जड संगीत वाजवणारे बरेच जण तसंच करतात. त्यामुळे पाचवी तार मोकळी छेडली की थेट बुवांचा षड्ज. हा योग इतका नेमका जुळला की पहिल्याच भेटीत त्या एका तारेवर बुवांनी आलाप घेतला आणि आम्ही बाकीचे नुसते ऐकत राहिलो.

पुढचा अभंग मालकंसाच्या अंगाच्या चालीचा होता आणि खरं काम तिथे सुरू झालं. मालकंसात रिषभ नाही, पंचम नाही. रॉक गिटारचा पायाच मुळी षड्ज-पंचमाचा पॉवर कॉर्ड. एरवी हा कॉर्ड गायकाला सोयीचा असतो, कारण त्यात गंधार नसतो आणि गायकाला आपला गंधार हवा तिथे ठेवता येतो. इथे पंचमच वर्ज्य. मग षड्ज-मध्यम वाजवून पाहिलं. स्वर दोन्ही रागातले, तरी डिस्टॉर्शनमधून, म्हणजे गिटारचा आवाज जाड आणि खरखरीत करणाऱ्या यंत्रणेतून, गेल्यावर त्यांच्या मिश्रणातून खाली खोल मध्यम तयार होतो आणि कान त्या मध्यमालाच षड्ज धरायला लागतो. बुवांनी डोळे मिटून दोन ओळी म्हटल्या आणि थांबले. म्हणाले, “सा सरकतोय.” भौतिकशास्त्राच्या पुस्तकात जे पानभर समजावलेलं असतं ते त्यांनी दोन शब्दांत सांगितलं होतं.

एकटा षड्ज वाजवला तरी अडचण पुरती संपत नव्हती. कुठल्याही तारेतून मूळ सुराबरोबर आपोआप उमटणाऱ्या स्वयंभू स्वरांतला तिसरा पंचम असतो आणि पाचवा शुद्ध गंधार. तंबोऱ्यात ते हळुवार ऐकू येतात आणि गाण्याला आधार देतात. डिस्टॉर्शन मात्र त्यांना उचलून पुढे आणतं. गायक मालकंसातल्या कोमल गंधारावर स्थिरावू पाहतो आणि अ‍ॅम्प्लिफायरमधून शुद्ध गंधार त्याच्याशी घासत राहतो. मी गेन, म्हणजे डिस्टॉर्शनचं प्रमाण, खाली आणला, गिटारच्या गळ्याकडचं पिकअप घेतलं, टोनचा खटका जवळजवळ बंद केला. गिटार पुष्कळशी निवळली. जाड, गरजणारा आवाज फक्त दोन चरणांच्या मधल्या मोकळ्या जागेत ठेवायचा, आवाज सुरू असताना नाही, असा नियम आम्ही स्वतःला घातला आणि चारही अभंगांत पाळला.

याच अभंगासाठी गिटारचं ट्यूनिंगही बदललं. अर्धा सूर खाली लावलेल्या गिटारीत पहिली आणि सहावी तार काळी दोनवर येते, म्हणजे बुवांचा पंचम. दुसरी तार येते रिषभावर. तीन तारा वर्ज्य स्वरांच्या! मग सहावी आणि पहिली एकेक पूर्ण सूर खाली आणून मध्यमावर लावल्या, दुसरी अर्धा सूर चढवून कोमल गंधारावर. आता जाड तारेपासून बारीक तारेपर्यंत मोकळ्या तारा अशा झाल्या: मध्यम, षड्ज, मध्यम, कोमल निषाद, कोमल गंधार, मध्यम. हात कुठेही पडला तरी मालकंसाच्या बाहेर जाणार नाही. आणखी एक फायदा असा की मोकळी तार ट्यूनरवर लावायची सक्ती नसते. ६:५ या गुणोत्तरानं येणारा कोमल गंधार षड्जापासून ३१६ सेंटवर असतो (अर्धा सूर म्हणजे १०० सेंट), गिटारच्या पडद्यावरचा ३०० वर. बुवा पेटीबरोबर गाणारे, त्यामुळे समान अंतराच्या सुरांची त्यांना सवय आहे. पण पेटी थांबून आलाप सुरू झाला की त्यांचा गंधार त्यांच्या मर्जीच्या जागी जातो. मी दुसरी तार त्यांच्या गळ्याला लावली. ट्यूनरची सुई मधोमध नव्हती, आणि मला तसंच हवं होतं.

आता लय. भजनात लय चढत जाते, ती चढायलाच हवी. संथ सुरुवात, मग धृपद पुन्हा पुन्हा येतं, टाळकरी भरात येतात आणि शेवटाला सगळं द्रुत होतं. आमच्या पहिल्या अभंगात सुरुवात मिनिटाला ७२ मात्रांची आहे आणि शेवट १३० च्या पुढचा. क्लिक लावून हे करायचं तर लय कुठे किती वाढवायची हे आधी कागदावर ठरवावं लागतं. आमच्या ड्रमरनं तसा आराखडा करूनही पाहिला. बुवांनी तो ऐकला आणि विचारलं, “इथे लय कुणी वाढवली?” आराखड्यातली वाढ सरळ रेषेत होती. बुवांची वाढते ती एखाद्या शब्दावर रेंगाळून, मग धृपदावर येताना झेप घेऊन, मग पुन्हा थोडी धरून ठेवून. तिचं कारण शब्दात असतं.

म्हणून आधी बुवा, मृदंग आणि टाळ एवढंच रेकॉर्ड करायचं ठरलं. क्लिक नाही, ड्रम नाही, फक्त माझ्या पाचव्या तारेचा मंद षड्ज. त्या ध्वनिमुद्रणावर आम्ही संगणकात मात्रा न् मात्रा हातानं खुणावल्या आणि त्यातून लयीचा नकाशा तयार केला. मग ड्रमर त्या नकाशावर वाजवायला बसला. बुवा कसे श्वास घेतात, कुठे ओळ लांबवतात, हे त्याला पाठ झाल्यावरच त्याच्या हातात ते आलं. पूर्वी गायकानं ड्रमरचं ऐकायचं असायचं. इथे ड्रमर आठवडेच्या आठवडे गायकाचं ऐकत बसला. त्याच्या वाजवण्यात इतका समंजसपणा मी आधी कधी ऐकला नव्हता.

स्टुडिओतला दिवस आला तेव्हा पहिला मुद्दा टाळेचा निघाला. काशाच्या टाळेचा आवाज अतिशय तीक्ष्ण, आणि तो गायकाच्या माइकमध्ये घुसला की नंतर काढता येत नाही. ध्वनिमुद्रकानं सुचवलं की बुवांनी टाळ न घेता गावं, टाळ नंतर वेगळी घेऊ. बुवांनी एक चरण तसा म्हणून दाखवला. सूर अचूक होते, पण लयीचं वजन हललं होतं. हात मोकळे असल्यामुळे श्वास वेगळ्या ठिकाणी पडत होता. टाळ हातात असणं हा त्यांच्या गाण्याचाच भाग आहे, म्हणून ती राहणार हे नक्की झालं. मग माइक बदलला. संवेदनशील कंडेन्सरऐवजी साधा डायनॅमिक माइक घेतला, जो समोरचा आवाज उचलतो आणि पाठीमागचा बराचसा सोडून देतो. तो ओठांच्या खालून वर रोखून लावला, म्हणजे माइकची पाठ बरोबर हातातल्या टाळेकडे. बुवांना टाळ कमरेपाशी धरायची विनंती केली. एवढ्यानं निम्मा प्रश्न सुटला. उरलेली टाळ आवाजाबरोबर आली, आणि ती त्यात असलेली मला आवडते.

याचा एक परिणाम आम्ही जाणून पत्करला. एका टेकमधला शब्द उचलून दुसऱ्यात बसवणं आता शक्य नव्हतं, कारण मागची टाळ जुळली नसती. चरण घ्यायचा तर सबंध. बुवांना यात काहीच विशेष वाटलं नाही. दोन-दोन तास उभं राहून कीर्तन करणाऱ्याला एक चरण सलग म्हणायला काय लागतं! सूर सुधारणारं सॉफ्टवेअर मी उघडलंही नाही. मींड आणि आंदोलन असलेल्या गळ्यावर ते चालवलं की दोन सुरांमधली वळणं सपाट होतात, आणि आम्हाला हवी होती ती नेमकी वळणंच.

मृदंगाची गोष्ट स्टीलच्या डब्यापासून सुरू होते. मृदंगाचार्य घरून मळलेली कणीक घेऊन आले. खाली बसले, मृदंग मांडीशी घेतला, हातोडीनं गट्टे ठोकत उजवं तोंड षड्जाला लावलं. मग डाव्या तोंडाच्या मधोमध पाण्याचा हात फिरवून कणकेचा गोळा थापला, बोटांनी कडेनं पातळ करत नेला, एक थाप मारली, ऐकली, चिमूटभर कणीक काढली, पुन्हा थाप मारली. खोलीच्या फरशीतून घुमारा पायांना जाणवला तेव्हा थांबले. आमचा ड्रमर शेजारी उकिडवा बसून हे बघत होता. त्यानं मग आपला मोठा ड्रम मृदंगाच्या धुमेपासून, म्हणजे डाव्या तोंडाच्या सुरापासून, लांब, थोडा वरच्या सुरात लावला, म्हणजे दोघं एकमेकांच्या अंगावर येणार नाहीत.

स्टुडिओतल्या एसीनं कणीक लवकर वाळते, हे मला तिथे समजलं. कणीक वाळली की हलकी होते आणि डाव्या तोंडाचा सूर चढतो. दुपारच्या टेकमधला घुमारा सकाळच्या टेकपेक्षा कानाला वेगळा लागत होता. मग एसी बंद ठेवला, प्रत्येक अभंगाआधी कणीक पाण्यानं पुन्हा मऊ केली आणि एका अभंगाचं सगळं काम त्याच लेपावर उरकायचं असं ठरवलं. घामाघूम झालो, पण धुम शेवटपर्यंत एकसारखी राहिली.

धृपद झेलणारे आठ टाळकरी स्टुडिओच्या खोलीत मावणारे नव्हते. त्यांचं रेकॉर्डिंग बुवांच्या ओळखीच्या एका विठ्ठलमंदिराच्या सभामंडपात केलं. सुरुवातीला ‘जय जय राम कृष्ण हरी’ झालं, कारण त्याशिवाय पुढचं काही म्हणायचं नसतं, मग आमचे ट्रॅक. दगडी मंडपाचा प्रतिध्वनी कुठल्याही यंत्रातून आणता आला नसता.

यानंतर बँडचं वाजवणं आलं आणि त्यात वाजवण्यापेक्षा सोडून देणंच जास्त होतं. टाळ जिथे वाजते तिथेच हाय-हॅट आणि क्रॅश या ड्रमसेटमधल्या झांजा वाजतात, कानाच्या त्याच भागात. ड्रमरनं हाय-हॅट सरळ बाहेर काढून ठेवला. भजनी ठेका आठ मात्रांचा, मोजायला आमच्या चारच्या हिशोबात बसतो. पण दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर स्नेअर, म्हणजे कडक आवाजाचा छोटा ड्रम, मारत राहिलं की ठेक्याचा डौल मोडतो आणि सगळं मिरवणुकीतल्या गाण्यासारखं वाटायला लागतं. म्हणून निम्मा अभंग होईपर्यंत स्नेअर नाही, फक्त फ्लोअर टॉम आणि मोठा ड्रम, मृदंगाच्या मागे मागे. लय चढली, टाळकरी आले, की मग पूर्ण बँड. तो क्षण पहिल्यांदा स्पीकरवर ऐकला तेव्हा आम्हा सगळ्यांना काम जमलं आहे याची खात्री पटली.

मिक्समध्ये दोन ते तीन किलोहर्ट्झच्या आसपास गिटारी चांगल्याच कापल्या. शब्दांची धार तिथे असते आणि अभंगात शब्द ऐकू आला नाही तर गाण्याला अर्थ नाही. गिटारवादकाला हे कापताना त्रास होतो. मी तो भाग स्वतःच्या हातानं कापला आणि आजही त्यावर समाधानी आहे.

एका कंपनीनं रस दाखवला होता. त्यांना गाणं साडेतीन मिनिटांत हवं होतं, म्हणजे शेवटचा चरण गाळून. शेवटच्या चरणातच ‘तुका म्हणे’ येतं, ‘नामा म्हणे’ येतं. मुद्रेशिवाय अभंग म्हणजे सही नसलेलं पत्र. बुवांना आम्ही शब्द दिला होता, आणि तो नसता दिला तरी माझं उत्तर तेच असतं. बोलणं तिथे संपलं. आमचा सर्वांत लांब अभंग आठ मिनिटांच्या वर गेला आहे आणि रेकॉर्ड आम्ही स्वतःच काढलं.

हक्कांचा भाग कंटाळवाणा वाटतो, पण तो आधी निस्तरला नाही तर पुढे मनं दुखावतात. संतांचे शब्द सर्वांचे आहेत. चालींचं तसं नसतं. ‘पारंपरिक’ म्हणून गायल्या जाणाऱ्या कितीतरी चाली रेडिओसाठी किंवा रेकॉर्डसाठी कुणीतरी बांधलेल्या असतात, आणि आपल्याकडे संगीतकाराचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. आम्ही निवडलेल्या चाली बुवांना त्यांच्या गुरूंकडून, आणि त्यांना त्यांच्या गुरूंकडून आलेल्या. एका चालीबद्दल बुवांनाच शंका होती, ती आम्ही सोडून दिली आणि दुसरा अभंग घेतला. गाणाऱ्या-वाजवणाऱ्याचा स्वतःचा हक्क निराळा. कायद्यात तो ५० वर्षांचा आहे, आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर व्यावसायिक वापरातल्या उत्पन्नात त्यांना वाटा मिळण्याची तरतूद आहे. आम्ही मराठीत दोन पानी करार केला: बिदागी आधी, त्यानंतर उत्पन्नात बुवांचा आणि मृदंगाचार्यांचा ठरलेला वाटा, टाळकऱ्यांना त्याच दिवशी मानधन. बुवांनी आधी मृदंगाचार्यांचा आकडा वाचला, मगच स्वतःचा.

गाणी ऑनलाइन चढवताना कलाकारांचे दोन रकाने असतात, मुख्य कलाकार आणि ‘फीचर्ड’, म्हणजे पाहुणा. बुवांचं नाव मुख्यमध्ये घातलं, बँडच्या आधी. इंडियन ओशन या बँडनं २०१४ च्या ‘तांदनू’ या अल्बममध्ये गाण्यागणिक वेगळा पाहुणा घेतला होता, शुभा मुद्गल, शंकर महादेवन यांच्यासारखे. त्या रेकॉर्डचं मला पहिल्यापासून आकर्षण आहे. पण तिथले पाहुणे स्टुडिओत मुरलेले. आमच्या बुवांनी हेडफोन एका कानावरून कायम बाजूला सारलेला असायचा आणि नजर मृदंगाचार्यांच्या हातावर. म्हणून दोघांना समोरासमोर बसवूनच सगळं घेतलं, मध्ये काच नाही.

आता हेच मंचावर करायची तालीम सुरू आहे. तिथे लयीचा नकाशा उपयोगाचा नाही, कारण बुवा रोज वेगळ्या ठिकाणी रेंगाळतात. ड्रमरच्या कानात फक्त मृदंग आणि टाळ सोडायची, गिटारी अजिबात नाहीत, असं ठरलं आहे. मालकंसासाठी दुसरी गिटार आधीच लावून ठेवावी लागेल. तारीख कार्तिकी एकादशीनंतरची धरली आहे, आळंदीची यात्रा उरकल्यावरची. जागा बुवांनी सुचवली आहे, त्यांच्याच गावची, आणि टाळकरी आठ नव्हे, जितके येतील तितके.